कोमट पाणी

ग्रिम्सबीत संध्याकाळी सहाला पाळी सुटते
तेव्हा अंगाला हॅडॉकचा वास असतो.
साबणाने जात नाही, लिंबाने थोडा जातो.
बसमध्ये शेजारची जागा मात्र हमखास रिकामी मिळते.

त्या दिवशी घरी न जाता सरळ चर्चमध्ये गेले,
मागच्या बाकावर, रेडिएटरजवळ.
पवित्र गुरुवार. पुढे अर्धगोलात बारा खुर्च्या,
अकरा जण बसलेले, मोजे काढून, घडी करून मांडीवर.
सगळ्यांचे पाय घरून धुऊन आणलेले.
मिसेस थर्लबीने तर नखांना फिका गुलाबी रंग लावला होता.
धुवायचे पाय आधीच धुऊन आणायचे!
मला हसू आलं. मग वाटलं,
वेळ असता तर आपण काय वेगळं केलं असतं?

बारावे मिस्टर कूपलंड खोकल्याने आडवे.
पाळकबाईंनी चष्म्यावरून चर्चभर पाहिलं
आणि बोट माझ्यापाशी थांबलं.
"स्वाटा," त्या म्हणाल्या.
सुवार्ता म्हणता येत नाही त्यांना, सात वर्षं झाली.

आठ तास रबरी बुटांत शिजलेले पाय.
टाचांना भेगा, भेगांत मीठ,
घोट्याला चिकटलेला एक खवला.
नको, म्हटलं. माझे नको.
अंगाला मासळीचा वास असलेला एक जण
त्या पहिल्या रात्रीही असंच म्हणाला होता,
पण हे मला नंतर सुचलं, बसमध्ये.

तेव्हा आठवलं ते वेगळंच.
शेवगावकडच्या आमच्या गावात बाबा उपदेशक होते,
खांद्याला पिशवी, पिशवीत शास्त्र.
तहान लागली तर पाटलाच्या ओट्याखाली उकिडवं बसायचं,
ओंजळ धरायची.
पाणी वरून यायचं, हात लांब ठेवून ओतलेलं,
अर्धं कोपरावरून मातीत.
एकदा शाळेच्या सभेत बाबा खुर्चीवर बसले,
तर मागून कुणी म्हणालं, वहाण पायातच बरी.
बाबा उठले नाहीत.
घरी येऊन मात्र आमच्या सगळ्यांच्या चपला
पुसून ओळीने लावल्या
आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले.

ऑड्रीबाई एकाहत्तर वर्षांच्या.
हॉलच्या स्वयंपाकघरातून स्वतः केटली आणली,
इनॅमलच्या तसराळ्यात कोपर बुडवून पाणी पाहिलं,
तान्ह्या बाळासाठी पाहतात तसं.
मग गुडघे टेकले. गुडघे मोठ्याने बोलले.
टाच तळहातावर घेतली, खवला नखाने सोडवला,
तो त्यांच्या मनगटावर तसाच राहिला.
नाक मुरडलं नाही. संतासारखा चेहराही केला नाही.
रोजची भांडी घासताना माणूस असतो तशा होत्या.
बोटांच्या बेचक्या पुसायला विसरल्या नाहीत.

आणि मग त्यांना उठता येईना.
एक हात खुर्चीला, एक फरशीला,
अर्ध्यावर आल्या, पुन्हा खाली.
बावीस स्वच्छ पाय जागच्या जागी.
गळ्यातला पांढरा पट्टा पाण्यात भिजत होता.
"उतरायला सोपं असतं हे," त्या पुटपुटल्या,
इंग्रजीतच, पण मला मराठीत ऐकू आलं.

मी अनवाणी उभी राहिले.
काखांत हात घातले, बर्फाचा क्रेट उचलतो तसे,
कमरेतून नाही, मांड्यांच्या जोरावर,
फॅक्टरीच्या भिंतीवर चित्र लावलंय तसं.
एक, दोन.
वर आल्या. क्षणभर डोकं माझ्या खांद्यावर टेकलं.
वास आला असणार.

झोप लागेना. एक वाजता बाबांना फोन केला,
तिकडे उत्तम शुक्रवार उजाडत होता.
ऐंशीच्या पुढचे बाबा, सगळं दोनदा सांगावं लागतं.
दोनदा सांगितलं.
त्यांनी वचन काढलं नाही, गहिवरलेही नाहीत.
म्हणाले, "पाणी कोमट होतं का?"
हो, म्हटलं.
"मग बरं," म्हणाले,
आणि दूध उतू चाललंय म्हणून फोन ठेवला.